एका कानाचे सर

माईक तपासताना सगळं जग 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' करतं. आमच्या सरांना ते अजिबात खपायचं नाही. "माईक म्हणजे काय टेलिफोन आहे काय गो? आणि एक-दोन-तीन तुला येतं ते मला माहीत आहे. आज काय जेवलीस ते सांग." मग माईकपुढे उभं राहून आपण काय जेवलो ते सांगायचं, आणि खरं खरं सांगायचं. खोटं बोलताना माणसाचा गळा आवळतो आणि माईकचं माप चुकतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत आमच्या एकवीस जणांच्या वर्गाला एकमेकांच्या घरचा स्वयंपाक तोंडपाठ झाला होता. मी दादरची, सकाळी घाईत निघणारी, म्हणजे बहुतेक उपमा. "उपमा," मी म्हणायचे. सर डोळे मिटूनच म्हणायचे, "परत उपमा! आईला सांग, पोरीच्या आवाजात रवा शिरला." पोरं फिदीफिदी हसायची.

मग ती उभी राहायची. "बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, आन् कैरीची फोड." एवढंच. पण ती म्हणाली की वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं. सर डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "ऐकू आलं."

'ऐकू आलं' ही सरांची सगळ्यात मोठी शाबासकी. 'छान', 'वा', 'गुड' असलं काही त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही. दोन वर्षांत मला एकदाही 'ऐकू आलं' मिळालं नाही, आणि तिला ते बोंबलावर मिळालं. आता तुम्हीच सांगा, माणसाने जळू नये तर काय करावं?

परळच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात तेव्हा म्युझिक टेक्नॉलॉजी हा विषय नवीनच निघाला होता. सायन्सवाले लॅबमध्ये बेडूक चिरायचे, कॉमर्सवाले अकाउंट्सला झोपायचे, आणि आम्ही कॅन्टीनच्या मागच्या जुन्या कोठीत. कोठीच्या भिंतींना हॉस्टेलच्या टाकून दिलेल्या गाद्या ठोकलेल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. आवाज घुमायचा नाही हे खरं, पण ढेकूण चावायचे. दोन कॉम्प्युटर, चार माईक, एक हातात धरायचा रेकॉर्डर, बस्स. मी मात्र तयारीत आले होते. हार्मोनियमच्या चार परीक्षा पास, दुबईच्या मामाने आणलेले झकास हेडफोन, आणि माझा स्वतःचा लॅपटॉप. पहिल्या दिवशी मी तो लॅपटॉप बाकावर असा उघडून ठेवला की सर्वांना दिसावा. सरांनी बघितलंसुद्धा नाही. पहिले सहा आठवडे त्यांनी आमच्याकडून फक्त वायरी गुंडाळून घेतल्या. एक वेटोळं सुलट, एक उलट, म्हणजे सोडताना गाठ बसत नाही. "ज्याला वायर गुंडाळता येत नाही त्याने आवाजाला हात लावू नये," हे एक, आणि "गजाली नको, वायर दाखव," हे दुसरं. या दोन वाक्यांवर दीड महिना निघाला. घरी बाबा विचारायचे, "काय गं, आज काय शिकवलं?" काय सांगणार, कपाळ!

सरांचा डावा कान गेलेला होता. पूर्ण बंद. लालबागच्या चाळीत वाढलेले, वडील गिरणीत, आणि हे पोरवयापासून मिरवणुकांचे स्पीकर लावायला. वीस वर्षं त्या भिंतीएवढ्या स्पीकरांच्या शेजारी उभे राहिले. "एक कान गणपतीला वाहिला," म्हणायचे, "दुसरा तुमच्यासाठी ठेवलाय, तेव्हा जपून बोला." बोलताना ते मान जराशी वळवून उजवा कान आपल्यापुढे धरत. नवीन माणसाला वाटायचं, हा माणूस आपल्याकडे बघतच नाही, केवढा शिष्ट! शिष्ट नव्हते. पण कुणाला खुलासाही करत बसायचे नाहीत.

एकाच कानाने ऐकणाऱ्याला डावं-उजवं काय कळणार? त्यावर त्यांनी तोडगा काढलेला होता, त्याचं नाव मावशी. मावशी म्हणजे एका मोडक्या ट्रान्झिस्टरचा एकुलता एक स्पीकर, प्लायवूडच्या खोक्यात बसवलेला. सर तो पंचात गुंडाळून कापडी पिशवीत घालून रोज आणायचे आणि रोज घरी न्यायचे. आम्ही काहीही रेकॉर्ड केलं की हुकूम यायचा, "मावशीला ऐकवा." दोन कानांच्या हेडफोनमध्ये काय वाटेल ते गोड लागतं, पण लोक ऐकतात ते टॅक्सीत, पानवाल्याकडे, मोबाईलच्या टिचभर भोकातून. एका स्पीकरमधून. "हेडफोन म्हणजे पाहुणे, तोंडावर गोड बोलून जातात. मावशी घरची आहे, ती खरं सांगणार." मावशीवर वाईट वाजलं की म्हणायचे, "मावशी रुसली, परत कर." मामाचे दुबईचे हेडफोन घालून मी रात्रंदिवस घासलेलं काम मावशी एका मिनिटात नापास करायची, तेव्हा मला ते खोकं उचलून परळच्या पुलावरून खाली फेकावंसं वाटायचं.

आणखी एक तऱ्हा. सर वर्गात दाराकडे पाठ करून बसत. हजेरी घ्यायचे ती चपलांच्या आवाजावरून. "आलास काय रे, फटफट्या?" "या, घासणबाई." प्रत्येकाची चाल त्यांना ठाऊक होती. ती बोंबीलवाली आली की म्हणायचे, "कफ परेड आलं." हे नाव आम्ही तिला ठेवलेलं. ती कफ परेडला राहायची हे खरं, पण त्या टॉवरांमध्ये नव्हे, त्यांच्या पायाशी, मच्छीमार नगरात. बाप बोटीवर, आई मासळी सुकवणारी. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. आता ते पडद्यावर बऱ्याचदा लिहून येतं, माझ्याकडून आणखी एकदा कशाला?

आणि मी आले की सर काय म्हणायचे? "कोण?" दोन वर्षं, रोज, "कोण?" मी नवीन सँडल घेतले, टाचेचे घेतले, एकदा तर मुद्दाम पाय आपटत आले. "कोण आहे गो?" मी नाव सांगायचे. "बरं, बस."

हे मला किती लागायचं हे मी कुणाला सांगितलं नाही. हसण्यावारी न्यायचे. पण घरी जाऊन आरशासमोर चालून बघायचे, आपल्या चालीत खरंच काहीच नाही का म्हणून.

कफ परेडची गंमत अशी की ती माझ्याशी फार चांगली वागायची. डबा उघडला की आधी माझ्यापुढे धरायची. "खा ना गं, तुझा तो उपमा राहू दे." मी खायचे, बोटं चाटून खायचे आणि मनात जळायचे. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता, हेडफोन नव्हते, सा आणि रे सुद्धा तिला नावाने ओळखू यायचे नाहीत. पण सरांनी डोळे मिटून विचारलं, "पंखा आणि ट्यूबलाइट यात आज काय वेगळं?" तर हीच म्हणायची, "ट्यूब आज जरा खाली गातेय, सर." आणि खरंच तसं असायचं! मी कान ताणून ताणून बसायचे, मला पंखा ऐकू यायचा आणि ट्यूब तर नाहीच.

माझी खोड वेगळी होती. मला स्वच्छतेचा सोस. कॉम्प्युटरवर एक सोय असते, आवाजातली घरघर, खरखर पुसून काढण्याची. मी ती इतकी वापरायचे की विचारू नका. एकदा मी दादरचा सकाळचा फुलबाजार रेकॉर्ड करून आणला आणि त्यातले हॉर्न, हमालांच्या शिव्या, गोणी ओढल्याची खरखर, सगळं पुसून ठेवलं. मावशीने ऐकलं. सर म्हणाले, "धुवावं गो, पण एवढं? फुलं राहिली, बाजार गेला." कफ परेड हसली नाही. बाकी सगळे हसले. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता मुद्द्यावर येते. दरवर्षी बारावीनंतर सर एका विद्यार्थ्याला दादरच्या एका डबिंग स्टुडिओत चिकटवून द्यायचे. एकालाच. स्टुडिओवाला त्यांचा जुना दोस्त, त्यांच्या चिठ्ठीशिवाय कुणाला दारात उभा करायचा नाही. तिथे लागलेला माणूस या धंद्यात टिकायचा, हे आम्हाला माहीत होतं. आणि आमच्या घरी बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ती जागा मिळाली तर कर तुझं ते आवाजाचं. नाही मिळाली तर मुकाट्याने सीएला बसायचं. नाटकं नकोत." बाबा बँकेत होते. त्यांनी एकदा म्हटलं की म्हटलं. म्हणजे माझं सगळं आयुष्य त्या एका चिठ्ठीवर लटकलेलं होतं, आणि ती चिठ्ठी कोणाला जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

चिठ्ठी ठरायची शेवटच्या कामावरून. आपल्या वस्तीतलं पाच मिनिटांचं काहीतरी रेकॉर्ड करून आणायचं आणि सगळ्यांसमोर मावशीला ऐकवायचं. मी पुन्हा फुलबाजारच केला, या वेळी हॉर्न ठेवून. कफ परेडने तिच्या आत्याला रेकॉर्ड केलं. आत्या धवलारीण, म्हणजे कोळ्यांच्या लग्नात एकेका विधीला गाणारी बाई. कुणाच्या तरी हळदीत ती गात होती आणि भोवताली बायका टाळ्या देत होत्या.

आदल्या दिवशी दुपारी कोठीत आम्ही दोघीच होतो. सर त्या दिवशी आले नव्हते, म्हणजे मावशीही नव्हती. तिने काम पुरं केलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "मी जरा कॅन्टीनमधून चहा घेऊन येते. तू ऐकून ठेव ना. तुझ्याशिवाय कोनाला दाखवलं नाय अजून."

मी ऐकलं. काय सांगू तुम्हाला! आत्याचा आवाज काही सुरेल वगैरे नव्हता. फाटका होता, श्वास मध्येच तुटत होता. पण ती बाई अगदी माझ्या समोर, दोन हातांवर बसली होती. तिच्या बांगड्या, डावीकडे कोणीतरी दाबून हसतंय, उजवीकडे एकीची टाळी जरा उशिरा पडतेय. कुठेही काही पुसलेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडू कशाचं होतं? गाण्याचं म्हणावं तर खोटं बोलल्यासारखं होईल. मला हे सात जन्मांत जमणार नाही, त्याचं रडू होतं.

स्क्रीनवर एक बारीक बटण असतं, गोल आणि त्याच्यावर तिरकी रेघ. सरांनी ते शिकवलं तेव्हा सगळा वर्ग जांभया देत होता, आम्ही दोघी तेवढ्या जाग्या. एका बाजूला ते दाबलं की त्या बाजूचा आवाज उलटा होतो. हेडफोनमध्ये फारसं कळत नाही, जरा पोकळ वाटतं एवढंच. पण दोन्ही बाजू एकाच स्पीकरमधून वाजवल्या की डावी ढकलते तेव्हा उजवी ओढते, आणि जे दोन्हीकडे अगदी सारखं आहे ते साफ नाहीसं होतं. टाळ्या कडेच्या होत्या, त्या राहणार होत्या. आत्या मधोमध होती.

मी ते बटण दाबलं आणि काम सेव्ह केलं. शांतपणे दाबलं.

ती चहा घेऊन आली. हेडफोन कानांना लावून दहा सेकंद ऐकलं, कपाळाला आठी घातली. "जरा येगळं वाटतंय नाय?"

"तुझे कान थकलेत," मी म्हणाले. "सकाळपासून तेच ऐकतेयस. मस्त झालंय."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. आणि मी तिचा चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी मावशी बाकावर बसली, आम्ही भोवती. कफ परेडचं काम लागलं. टाळ्या आल्या. बायकांचं हसणं आलं. त्यांच्या बांगड्या आल्या. गाणं नाहीच. दूर कुठे विहिरीत कोणीतरी पुटपुटावं तसं काहीतरी, बस्स. पाच मिनिटं नुसत्या टाळ्या. पोरं खुसुखुसू हसायला लागली. सरांनी थांबवलं नाही. खाली वाकून उजवा कान मावशीला लावला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आत्या खंय गेली गो?"

"होती, सर. काल होती." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही, जेमतेम एक श्वास. मग म्हणाली, "माझंच काय तरी चुकलं असेल."

मी फुलबाजार ऐकवला. मावशी रुसली नाही. आठवड्याने चिठ्ठी माझ्या नावाने आली. बाबांनी पेढे आणले, आईने देवापुढे ठेवले, मी एक खाल्ला. गोड लागला. उगीच नाकारू कशाला, चांगला गोड लागला.

पुढे मी त्या स्टुडिओतच राहिले. साबण, वॉशिंग पावडर, गुडघेदुखीचं तेल, या जाहिरातींचे आवाज मी घासूनपुसून लख्ख करते. या कामात माझी स्वच्छता उपयोगी पडते, पोट चांगलं भरतं. आणि कफ परेड? दोन वर्षं बापाच्या बोटीवर आणि कुणाकुणाच्या लग्नांतून रेकॉर्डर घेऊन हिंडली, मग कुणीतरी तिला एका शूटिंगवर नेलं, आणि आता मोठमोठे लोक तिच्या तारखांसाठी थांबतात. सिनेमा संपला की सगळं थिएटर उठतं, मी बसून राहते. नवरा विचारतो, "चल ना, काय बघतेस?" मी तिचं नाव वर सरकेपर्यंत बघते आणि मग उठते. नाव आलं नाही तर मला बरं वाटतं, हेही लिहून टाकते.

गेल्या महिन्यात मोबाईलवर तिची मुलाखत बघितली. बघू नये हे कळत होतं, तरी बघितली. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, तुमचं पहिलं काम कोणी ऐकलं? ती म्हणाली, "माझी दादरची एक मैत्रीण होती. तिने आधी ऐकलं. कान फार तयार होता तिचा."

त्या रात्री झोप उडाली. रविवारी उठून मी लालबागला सरांच्या घरी गेले. तिसरा मजला, टोकाची खोली. सर दाराकडे पाठ करून बटाटे सोलत बसले होते. "कोण?" म्हणाले. मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्यापुढे स्टूल सरकवलं आणि चहा टाकला. आता उजवा कानही कमी झालाय, जरा मोठ्याने बोलावं लागतं. म्हणजे जे कुजबुजत सांगायचं ते मला गॅलरीभर ऐकू जाईल असं सांगावं लागलं.

"सर, कफ परेडची आत्या मी घालवली होती."

"माहीत आहे," सर बटाट्यावरची नजर न काढता म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. आवाज आपोआप उलटा होत नाही गो. ते बटण तुम्हा दोघींनाच माहीत होतं. आणि तिने दाबलं असतं तर तिला कळल्याशिवाय राहिलं नसतं."

"मग चिठ्ठी मला का दिलीत?"

"मी कशाला देतोय? मी तिला बोलावून सांगितलं, तुझ्या नावाने लिहितो. तर ती म्हणाली, सर, तिला पाठवा. तिचे बाबा तिला अकाउंटला घालतील, ती मरेल. मला काय, मी बोटीवर पण ऐकेन." सरांनी सुरी खाली ठेवली. "मी भांडलो तिच्याशी. दोन दिवस. म्हटलं, मेल्या चोराला मी चिठ्ठी देऊ? ती म्हणाली, चोरायच्या आधी तिने ऐकलं, सर. आत्या नेमकी कुठे बसलीय ते वर्गात तिलाच कळलं. बाकी कोनाला घालवतासुद्धा आली नसती."

चहा उतू गेला. सर उठून गॅस बंद करून आले. दोन वर्षं ज्या माणसाच्या तोंडून माझ्या कानाबद्दल एक शब्द यावा म्हणून मी जीव टाकला, त्याच्या तोंडून तो आज आला, पण त्याचा नव्हता, तिचा होता. मला राहवलं नाही. मी मोठ्याने, त्यांच्या उजव्या कानाशी विचारलं, "आणि तुम्हाला पटलं, सर? माझा कान चांगला आहे, हे?"

सरांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांच्या जिवावर यायचं.

"नाही," ते म्हणाले. "पण तिचा कान माझ्यापेक्षा चांगला. मग मी कोण नाही म्हणणार?"

मी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि खाली उतरले. पश्चात्ताप झाला मला, झाला नाही असं नाही. पण तो परळचा पूल ओलांडल्यावर झाला. जिन्यात तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत मी नुसती तिच्यावर जळत होते.